इंपॉर्टंटच्या पोटातली मुंगी

निकुरे सर गेले, त्याला आता तीन आठवडे झाले. मी घुग्घुसच्या दवाखान्यात नर्स आहे. त्या दिवशी ड्यूटी संपवून निघाले होते, तेवढ्यात माझा शाळासोबती माणिक मोटारसायकल थांबवून म्हणाला, "शेवंता, सर गेले वं." मी "बरं" म्हटलं आणि चालू लागले... शोकसभेलाही गेले नाही. तिथे म्हणे जो तो 'हसतखेळत शिकवणारा शिक्षक' म्हणून डोळे पुसत होता. हसतखेळत, हे खरं. शिकवणारा कुठून आला, ते मला अजून कळलेलं नाही.

ऐंशीच्या सुमारास वडशाजवळच्या आमच्या शाळेत ते आठवी ते दहावी इंग्रजी घ्यायचे. धडा उघडायचा म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या. मग फळ्यावर एक लांबलचक शब्द लिहायचे आणि त्यात दडलेले छोटे शब्द आम्हाला शोधायला लावायचे. "इंपॉर्टंटच्या पोटात काय हाय रे?" शेवटी 'अँट' असायचा, म्हणून आम्ही ओरडायचो, "मुंगी, सर!" "एज्युकेशनच्या?" मधोमध 'कॅट'. "मांजर!" "फॉरेस्टमंधी रेस्ट हाय, म्हनून गार्ड झोपून राह्यतो," असं म्हणून स्वतःच पोट धरून हसायचे. मजा आम्हालाही यायची, खोटं कशाला बोलू? एकदा मी विचारलं, पण सर, या अख्ख्या शब्दाचा अर्थ काय? तर म्हणाले, "सापडला ना लहान शब्द? मंग बस झालं." तेव्हाच ओळखायला हवं होतं की या माणसाला स्वतःलाच इंग्रजी येत नाही.

दहावीच्या पेपरात एका प्रश्नात पाच-सहा लांब शब्द ओळीने दिले होते. त्यांचा वाक्यात उपयोग करा, अशी वर इंग्रजीत सूचना होती. ती वाचणार कोण? आम्हाला वाटलं, बोर्डानं सरांचाच खेळ विचारला! काय आनंद झाला म्हणून सांगू... वर्गातल्या अकराच्या अकरा जणांनी मुंग्या-मांजरं काढून दिली. वेगवेगळ्या बाकांवर बसून, एकमेकांकडे न बघता, अगदी सारखी उत्तरं. निकाल राखून ठेवला. शेरा आला, सामूहिक कॉपी. मला नर्सिंगला जायचं होतं. नाहीतर आईबरोबर तेंदूपत्ता तोडणं ठरलेलंच होतं.

'हे मीच शिकवलं,' एवढंच सर बोलले असते तर आम्ही सुटलो असतो. त्याऐवजी ते माफीनामा स्वतःच्या हातानं लिहून घरोघर फिरले. आमच्या अंगणात बसून बाबांना म्हणाले, "कॉपी केली म्हनून सही करून द्या, भाऊ. मंग बोर्ड पोराइले ऑक्टोबरात बसू देते. मी खरं सांगतलं त माह्यी नोकरी जाते."

बाबा तांदळाच्या गिरणीत हमाल होते. त्यांनी विचारलं, "पोरीनं चोरी केली का, सर?"

"नाई."

"मंग काऊन लिहून देऊ?"

सरांनी कागद बाबांपुढे सरकवला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला सरांची किळस आली होती, पण नर्सिंगही हवं होतं. मीच म्हटलं, "करा, बाबा."

ऑक्टोबरात गाइड पाठ करून मी पास झाले. गावात म्हणतात, शेवंता सरांचे उपकार विसरली. मी काहीच विसरलेले नाही. तो कागद शाळेच्या कपाटात अजून असेल. सरांचं अक्षर फार सुरेख होतं. त्या सुरेख अक्षरात लिहिलं आहे, 'माझ्या मुलीने परीक्षेत चोरी केली', आणि खाली बाबांची सही आहे. आयुष्यभर ते अंगठाच लावत आले होते. त्याच वर्षी प्रौढांच्या वर्गात जाऊन, पाटी गिरवून गिरवून ते सही शिकले होते. कागदावर केलेली ती त्यांची पहिली सही.