देवनारच्या नावावर खपवलेला वास

आजी कारखान्यात काय करायची, असं तुम्ही नातवंडांनी फोनवर विचारलंत. मी जनसंपर्क अधिकारी होते. कारखान्याचं म्हणणं वर्तमानपत्रांसाठी लिहायचं आणि त्या पत्रकाखाली स्वतःचं नाव घालायचं. खोटं निघालं तर नाव आपलं जाणार.

सत्तरच्या दशकात घाटकोपरला आमच्या वस्तीत संध्याकाळी एक वास येऊ लागला. डोळे चुरचुरायचे. लोकांनी तक्रारी केल्या, तेव्हा कारखान्याचे साहेब म्हणाले, "लिहा, वास देवनारच्या कचऱ्याचा आहे." देवनारचा कुजका वास आम्हा घाटकोपरकरांना पाठ होता. हा आमच्याच कारखान्याच्या चिमणीचा होता.

आमच्या व्यवसायाची एक संघटना होती. जुहूच्या हॉटेलात दरमहा सभा भरायची, चहा व्हायचा आणि सचोटीवर भाषण. सभासदांत मी एकटीच बाई, म्हणून फुलदाण्या माझ्याकडे. मी अध्यक्षांना बाजूला घेऊन विचारलं, "खोट्या पत्रकाला सभासदाने नकार दिला, तर संघटना पाठीशी उभी राहील?"

"अहो, त्यासाठीच तर आहोत आपण! समितीपुढे ठेवतो. तोवर कुणाशी बोलू नका हं."

मी कुणाशीही बोलले नाही, घरीसुद्धा. दुसऱ्या दिवशी साहेब हसत म्हणाले, "काय मॅडम, जुहूचा चहा बाधला वाटतं?"

म्हणजे अध्यक्षांनीच त्यांना सांगितलं होतं. त्या क्षणी मी मनात हिशेब मांडला. आमची वर्गणी कोण भरत होतं? आमचे कारखानेच. मग संघटना नेमकी कुणाची?

"माझं नाव घालणार नाही," मी म्हणाले.

"मग तुम्हाला ठेवलंय कशाला?"

आठवड्याभरात माझी बदली कामगारांच्या मासिकावर झाली. वाढदिवस आणि कॅरमच्या स्पर्धा. पत्रक मात्र छापून आलंच. खाली अध्यक्षांच्या स्वतःच्या जाहिरात कंपनीचं नाव होतं. ते काम त्यांना माझ्या प्रश्नानंतर मिळालं की आधीच ठरलेलं होतं, हे मला आजही माहीत नाही. मला संशय आहे, एवढंच.

संघटनेची वर्गणी मी आता स्वतःच्या पगारातून भरू लागले. वार्षिक सभेत उठून विचारलं, "समितीपुढे ठेवलेल्या माझ्या प्रश्नाचं काय झालं?"

अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "कुठला प्रश्न, मॅडम?"

मग मी तो सगळ्यांसमोर, चिमणीच्या वासापासून, पहिल्यापासून मांडला.