लाखेतली बाई

लढाईच्या दिवसांत लाख मिळेना, म्हणून अर्जुनी मोरगावचा म्हातारा दुधराम लखारी गोंदियाच्या भंगारातून गाण्याच्या जुन्या, लाखेच्या तबकड्या आणी आणि वितळवून त्यांच्या बांगड्या करी. फोडण्याआधी मात्र प्रत्येक तबकडी फोनोवर एकदा वाजवायचीच. साहेबाचे बाजे, मद्रासकडची वीणा, सगळे ऐकून त्याने भट्टीत घातले. कुठल्याशा अनोळखी भाषेत रडवेल्या गळ्याने गाणारी एक बाई तेवढी वाचली. सुई झिजल्यावर बाभळीचा काटा लावून तो तिला रोज ऐके.

"त्या रडणारीले कवापर्यंत पोसून राहिले तुमी?" बायको धुरपताबाई कडाडली. "नवरीवाले ओसरीत बसले, घरात लाखेचा कण नाही!"

"उद्या या म्हणावं."

"म्हणजे नवरी भुंड्या हातानं मांडवात उभी करू?"

दुधरामने तीनदा हातोडी उचलली, तीनदा ठेवली. शेवटी तबकडी फोडली.

बांगड्या भरल्यावर त्याने नवरीचे मनगट कानाशी नेले आणि सोडीचना. "हात सोड, मेल्या!" नवरीची आई किंचाळली. दुधरामला म्हातारचळ लागला, ही बातमी गावाला महिनाभर पुरली. धुरपताबाई मात्र कुणाशी भांडली नाही. बांगड्यांतून काहीच ऐकू येईना, तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा तिने पाहिला होता.