वहीतल्या एकतीस दीर्घिका

रत्नागिरीत दीर्घिका शोधायच्या म्हणजे चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने समुद्रावरचं धुरकं. तरी दळवी सरांच्या गच्चीवर दुर्बिणीभोवती आमचं आकाशनिरीक्षण मंडळ जमतंच. दीर्घिका महिन्याला एखादी मिळते, किस्से मात्र रोज दोन! वही माझ्याकडे, म्हणून दोन्हींचा साठाही माझ्याकडेच.

सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांचा नियम एकच: दोघांनी एकमेकांशी न बोलता दुर्बिणीत दिसेल त्याचं चित्र काढायचं. चित्रं जुळली, दोन सह्या झाल्या, की नोंद. दुसरी सही हसनमामांची. मामा मिरकरवाड्याचे तांडेल, जन्मभर ट्रॉलर चालवलेला. त्यांच्या नजरेवर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती.

*

मामांनी एकदा आकाराच्या रकान्यात लिहिलं, "वाकटी." सर भडकले. "अहो, ही कडेने दिसणारी सर्पिल दीर्घिका आहे!"

"तेच लिवलंय. लांब, चपटी, चमकते. वाकटी मासळीच ना?"

पुढच्या महिन्यात सर जिना चढतानाच विचारत होते, "आज वाकटी दिसेल काय हो?"

*

दळवी काकू चहा घेऊन वर आल्या. "एवढ्या लांबच्या वस्तू लिहून कशाला ठेवायच्या? पळून जातायत?"

"जातायत," सर म्हणाले. "विश्व पसरतंय, त्या लांब लांब चालल्यात."

थट्टा समजून काकूंनी सरांचा कप तेवढा परत नेला.

*

मग वही फुगायला लागली. कुठल्याच यादीत नसलेल्या धूसर दीर्घिका, एकतीस! प्रत्येकीला दोन चित्रं, दोन सह्या. एक तरी शोध आपल्या नावावर लागावा, ही सरांची जुनी आस. पुण्याच्या खगोलसंस्थेला पाठवायचं पत्रही तयार झालं. मला त्यातली एकही दिसली नव्हती, पण माझी नजर कच्ची असं मंडळाचं मत होतं. माझंही तेच होतं.

पत्र टाकायच्या आधी सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नव्या डोळ्याने सर एकेक नोंद तपासायला बसले. पहिली, साधा तारा. दुसरी, तारा. महिनाभरात एकतीसही तारे निघाले. सरांचा चेहरा बघवेना.

काकूंनी विचारलं, "मग हसनभाईंनी सह्या कशा केल्या?"

मामांना डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनची तारीख मिळाली, पण मामा जाईनात.

"घाबरता काय हसनभाई?" सरांनी विचारलं.

मामांनी वहीवर हात ठेवला. "नाय सर. पन मी पन डोळे करून घेतले, तर ह्या एकतिसांना बघणार कोण?"

 सर दुर्बिणीपुढची खुर्ची सोडून म्हणाले, "बसा. बत्तिसावी शोधा."