दोन अनोळखी गोटे

नरडाण्याजवळच्या आमच्या गावात सुनंदाबाईंच्या घरी एक टोपली गोट्यांनी भरलेली असे. तापीच्या पात्रातून त्या एकेक गोटा निवडून आणत. चपटा, खरखरीत गोटा टाचा घासायला. जड, काळा लोणच्याच्या बरणीत दाब द्यायला. शेराचा एक गोटा तर त्यांनी दुकानातल्या मापाशी ताडून पाहिलेला. गोटा हातात घेतला की आधी त्या कानाशी ठोकून बघत. आवाज बद्द आला तर आत चीर आहे, असं सांगून तो पुन्हा नदीत टाकत.

त्यांचे यजमान नथ्थूभाऊ शेतातून आले की टोपलीकडे बघून, सगळी नदीच घरी आणलीस का, अशी थट्टा करत म्हणत, “बठ्ठी नदी घर लई उनी का व?”

नथ्थूभाऊ गेल्या पौषात गेले. स्मशानात ज्या खड्याने मडकं फोडतात, तो जीवखडा दहाव्यापर्यंत जपायचा आणि मग नदीत सोडायचा. त्याशिवाय गेलेला माणूस सुटत नाही, असं आमच्याकडे मानतात. मुलाने, हितेंद्रने, तो फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवला आणि गाठ परत उघडून पाहिली नाही.

दहाव्याच्या सकाळी नणंद प्रमिलाबाई घर धुवायला लागल्या. कोनाड्यातली गाठ सोडली, आत गोटा दिसला. वहिनीचाच असणार म्हणून टोपलीत टाकला आणि फडकं भिजवलं. थोड्या वेळाने हितेंद्र खडा घ्यायला आला, तेव्हा हा प्रकार उघड झाला. प्रमिलाबाई रडू लागल्या. घाटावर भटजी आणि भाऊबंद खोळंबले होते.

हितेंद्रला खडा कसा होता ते आठवेना. बायका स्मशानात जात नाहीत, त्यामुळे सुनंदाबाईंनी तो पाहिलेलाच नव्हता. त्यांनी नणंदेला गप्प केलं, टोपली ओट्यावर उपडी केली आणि आपले ओळखीचे गोटे एकेक करून बाजूला सारले. शेवटी ओळखीचे नसलेले दोन उरले, दोन्ही तांबूस, सुपारीपेक्षा थोडे मोठे.

“यातला एकच मना नही असाले पाहिजे,” त्या म्हणाल्या. “दुसरा कोठून उना?”

हितेंद्र जरा घुटमळला. मग त्याने सांगितलं, की आबांनीच, म्हणजे त्याच्या वडिलांनीच, एक गोटा गुपचूप टोपलीत टाकला होता. मायला कळतं का ते पाहायचं होतं त्यांना. सहा महिने ते वाट बघत होते.

सुनंदाबाईंनी दोन्ही गोटे कानाशी ठोकून पाहिले. आवाज सारखाच होता.

“दोन्ही त्यासनाच शेतस,” दोन्ही त्यांचेच आहेत, असं त्या म्हणाल्या. “दोन्ही जाऊ दे.”

हितेंद्रने दोन्ही एका कापडात बांधले आणि तो घाटाकडे निघाला.