वानखडे सरांचं जॅकेट

जुन्या कंपनीचे किस्से आता पुरे, असं आम्ही भेटलो की दर वेळी ठरवतो. ती नोकरी आम्ही सगळ्यांनीच कधीच सोडली. पण चहा आला की परांजपे म्हणतो, "वानखडे सरांचं जॅकेट आठवतं का गं?" झालं! मग घरी जायचं नाव कोणी काढत नाही.

कंपनी सॉफ्टवेअरची, हडपसरला. वानखडे सर आमचे मॅनेजर. मूळचे अमरावतीचे, राहायला धायरीत. माणूस हुशार, पण जीव कायम टांगणीला. शेजारच्या टीममधला एकजण लग्नाची रजा संपवून आला, तर त्याच्या खुर्चीवर दुसराच बसलेला! त्याच आठवड्यात सरांनी एक काळं जॅकेट आणून खुर्चीला अडकवलं. ते तिथून कधी हललंच नाही. मोठे साहेब जाता-येता काचेतून बघायचे. जॅकेट दिसलं की वानखडे जागेवर आहेत!

साहेबांनी एकदा कौतुकानं विचारलं, "हे वानखडे घरी जातात की नाही?"

परांजपे सदाशिव पेठेतला. "ते जातात, सर. जॅकेट थांबतं. फार कष्टाळू आहे!"

साहेब खो-खो हसले. त्यांना तो विनोद वाटला.

*

एकदा सर तापानं फणफणले होते. मी म्हटलं, "सर, घरी जा ना. एक दिवस तुम्ही नसलात तर काय बिघडणार आहे?"

"काही बिघडलं नाही तर?" सर म्हणाले. "मग काय करायचं?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

*

सरांचे वडील पहिल्यांदाच पुण्याला आले होते. त्यांना खडकवासल्याचं धरण बघायचं होतं. सर म्हणाले, अर्ध्या तासाचं काम आहे, उरकून निघू. म्हणून त्यांना ऑफिसलाच घेऊन आले. वडील धोतर-टोपीत रिसेप्शनच्या सोफ्यावर बसले. दुपार झाली, संध्याकाळ झाली. मी चहा घेऊन गेले, तर ते वॉचमनला सांगत होते, "माह्या पोराबिगर हे हापिस चालतच नाही ना बाप्पा! उठला की काम थांबते म्हणे!"

इतका अभिमान! मला त्यांच्याकडे बघवेना. त्याच संध्याकाळच्या गाडीनं ते अमरावतीला परतले. धरण राहिलं ते राहिलंच. नंतर फोनवर दर वेळी विचारायचे, "काहून रे, मले धरण कधी दाखवतं?" नवं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला द्यायची तारीख कायम तोंडावर, त्यामुळे सरांचं उत्तर ठरलेलं, "एवढं रिलीज होऊ द्या, बाबा."

*

ऐन रिलीजच्या सकाळी फोन आला. सर उठले. "बाबा गेले," एवढंच म्हणाले आणि निघाले. जॅकेट खुर्चीलाच राहिलं. रजेची मेल त्यांनी वाटेतून साहेबांना केली होती. साहेब मेल वाचत नसत, काचेतून बघत.

काम आम्ही केलं. रिलीज वेळेवर गेलं. कुठेही, काहीही अडलं नाही. त्याचा मला आजसुद्धा संताप येतो.

*

तेरावं करून सर परत आले. डोक्याचा चकोट. लिफ्टमध्ये साहेब भेटले. आमच्याकडे कोणी बाहेरगावी जाऊन आलं की टेबलावर खाऊ ठेवायचा, ही पद्धत.

साहेब म्हणाले, "अरे वा, शनिवार-रविवारी तिरुपती? मग प्रसाद कुठाय?"

मी शेजारीच उभी होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

सर शांतपणे म्हणाले, "संपला, सर."

*

आणि त्याच महिन्यातला बक्षीस समारंभ! अख्खी कंपनी कॅन्टीनमध्ये जमलेली. साहेबांनी माइक घेतला. "रिलीजच्या दिवशी आणि नंतरही मी रोज काचेतून बघत होतो. एक माणूस जागचा हलला नाही! वानखडे!"

टाळ्या. परांजपे खाली मान घालून बसला होता. सर उठले, पण स्टेजकडे न जाता आत आपल्या खुर्चीकडे गेले. जॅकेट काढून घेऊन आले. त्याच्यावर धूळ बसली होती, ती हातानं झटकली. स्टेजवर जाऊन त्यांनी ते साहेबांच्या हातात दिलं आणि माइक घेतला.

"मी नसलो तर इथलं काम थांबतं," सर म्हणाले, "असं मी बाबांना सांगत होतो."

सगळ्यात आधी टाळ्या साहेबांनी वाजवल्या.