बॉनेटची कड

"मंदा, बघ गं जरा, गेले का?"

वर्षभरात महिपतराव हा प्रश्न फार विचारू लागले होते. जुन्या गोरखी वाड्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका शटरचं दुकान. गाडीच्या रंगावरचे बारीक ओरखडे मशीननं घासून काढायचे, हेच काम. आजोबा शिंद्यांच्या फौजेत घोडेस्वार होते. नातवानं सव्वीस वर्षं लोकांच्या मोटारी चमकवल्या. मशीन महिपतराव चालवत आणि मागून मऊ फडक्यानं पॉलिशचा मसाला पुसत येत त्यांची बायको मंदाताई. ओरखडे बघायला महिपतरावांना कधी दुसऱ्याचे डोळे लागले नव्हते. उलट तेच गिऱ्हाइकाला दंडाला धरून उन्हात न्यायचे आणि त्यालाही न दिसलेले ओरखडे त्याला दाखवायचे.

आणि आता "बघ गं."

मंदाताईंना खरं कळलं ते टेपच्या गुंडाळीमुळे. निळी गुंडाळी समोर स्टुलावर पडलेली, आणि नवरा हातानं स्टूल चाचपडत होता. त्या म्हणाल्या, "अहो, एकदा डोळे दाखवून घेऊ ना."

"डोळ्यांना काय धाड भरलीय? नंबर वाढला असेल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाजारात बोलशील नको कुठे. कळलं तर काळी गाडी कोण देईल मला?"

त्यांचं नाव काळ्या गाडीवरच होतं. पांढऱ्या गाडीवर कसाही हात फिरवा, चालून जातं. काळा रंग आरशासारखा. त्यावर मशीनचा एक चुकीचा फेरा उन्हात दहा हातांवरून दिसतो.

मंदाताई बाजारात बोलल्या नाहीत. त्यांनी दुसरंच केलं. दुकानाच्या कोपऱ्यात भंगारातून आणलेलं एक काळं बॉनेट होतं. दुपारी महिपतराव जेवायला दाना ओली मोहल्ल्यातल्या घरी गेले, की त्या शटर अर्धं ओढायच्या आणि त्या बॉनेटवर मशीन चालवायच्या. पहिल्या दिवशी मशीन हातातून निसटून भिंतीवर आदळली. चार महिन्यांनी हात बसला. आठ-नऊ महिन्यांनी त्यांना नुसत्या आवाजावरून कळू लागलं, की मशीनच्या तोंडाचा फोम कोरडा पडतोय आणि खाली पत्रा तापतोय. नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी संग्रामसिंह गाडी घेऊन आले. शहरातले मोठे ठेकेदार, घरची आणखी दोन दुकानं. गाडी नवीकोरी, काळीभोर, तीन महिन्यांची. ड्रायव्हरनं रोज कोरड्या फडक्यानं धूळ पुसून तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे पाडले होते.

"महिपतराव, चारला झाशीला निघायचंय. मुलीचा साखरपुडा आहे. एकदम शीशा बनवून द्या, काय?"

"चिंताच नको," महिपतराव म्हणाले.

संग्रामसिंह गेले. मंदाताई हळूच म्हणाल्या, "ही गाडी घ्यायला नको होती."

"चूप बस. टेप दे."

काळ्या रंगावर पारदर्शक लाखेचा थर असतो, कागदाहूनही पातळ. हलके ओरखडे त्या थरातच असतात. तो अगदी किंचितसा घासायचा, की ओरखडे जातात. पण पत्रा जिथं वळतो त्या कडेवर थर आणखी विरळ. म्हणून कडांना आधी टेप लावायची, मशीन चुकून चढली तरी रंग वाचावा.

टेप महिपतरावांनी स्वतः लावली. छत झालं, उजवे दोन दरवाजे झाले. मंदाताई पुसत गेल्या आणि दर वेळी वाकून बत्तीच्या उजेडात बघत गेल्या. काम ठीक होतं. सव्वीस वर्षांचा हात होता तो.

बारा वाजता महिपतराव बॉनेटवर आले. मंदाताई मागच्या दरवाजाशी होत्या. अचानक मशीनचा सूर बदलला. जरा जड, जरा कोरडा. त्यांनी मान वर केली. मशीन बॉनेटच्या पुढच्या कडेवर एकाच जागी घुटमळत होती, कारण महिपतराव वाकून, डोळे बारीक करून, तिथला एक ओरखडा शोधत होते. आणि टेप कडेपासून दोन बोटं खाली चिकटलेली होती.

"अहो, उचला! उचला मशीन!"

मशीनच्या घरघरीत त्यांना ऐकू गेलं नाही. मंदाताई धावल्या आणि भिंतीतला प्लगच उपटला.

"वेडी झालीस का?"

मंदाताईंनी मशीन उलटी केली. पिवळ्या फोमवर काळा डाग होता. पारदर्शक लाख घासली जात असताना फोमला रंग लागत नाही. काळं लागलं याचा अर्थ लाख संपली आणि खालचा रंग सुटला. कडेवर करंगळीच्या नखाएवढी जागा राखेसारखी फिकी पडली होती.

महिपतरावांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. डोळ्यांना दिसलं नव्हतं ते अंगठ्याला कळलं. ते स्टुलावर बसले.

मग तेच म्हणाले, "काळं मेण आहे आपल्याकडे. वरून भर. आजचा दिवस निघून जाईल."

"आणि दोन धुण्यांनी मेण उतरल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. आज साखरपुडा आहे त्यांच्या घरी, मंदा. माझं नाव..."

"मेण मी लावणार नाही." मंदाताईंनी पदर खोचला, मशीनला नवा फोम चढवला आणि प्लग लावला. "डावी बाजू नि उरलेलं बॉनेट राहिलंय. चारला गाडी द्यायचीय."

"तू? तुला काय येतं?"

"बघा मग."

बघता येत नव्हतं, म्हणून महिपतराव ऐकत बसले. टेप सगळी काढून मंदाताईंनी पुन्हा लावली. मग मशीन पत्र्यावर टेकवली. अर्धा दरवाजा झाला तेव्हा महिपतराव पुटपुटले, "मसाला जास्त घेतलायस." पुढच्या फेऱ्याला मंदाताईंनी कमी घेतला.

साडेतीनला संग्रामसिंह आले. गाडी दारात उन्हात उभी होती. ते भोवती फिरले, खूश झाले. महिपतराव खाली मान घालून उभे. मंदाताई पुढे झाल्या आणि त्यांनी कडेवर बोट ठेवलं.

"साहेब, इथली लाख आमच्या हातून गेली. पॉलिशनं परत येणार नाही. बॉनेट रंगवावं लागेल, ते आम्ही आमच्याकडून करून देऊ."

संग्रामसिंहांचा चेहरा लाल झाला. "तीन महीने की गाड़ी है, ताई! महिपतराव, पूरे शहर में तुमच्यावर भरोसा केला मी. झालं कसं हे?"

मंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सांगू की नको, त्यांना ठरवता येईना. तेवढ्यात महिपतरावच बोलले.

"मला दिसत नाही, साहेब. वर्ष झालं. लपवलं मी."

संग्रामसिंह त्यांच्याकडे बघत राहिले. मग गाडीत बसले आणि दार धाडकन लावून निघून गेले. साखरपुड्याहून परतल्यावर त्यांनी बॉनेट रंगवून घेतलं. खर्च या दोघांनी दिला, त्यांनीही घेतला. त्यांची कुठलीही गाडी पुन्हा कधी या दुकानात आली नाही.

त्याच आठवड्यात मुलगी स्मृती वडिलांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. मोतीबिंदू असता तर ऑपरेशननं काढता आला असता. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर थेंबांनी टिकेल, गेलेली येणार नाही.

महिनाभर महिपतराव दुकानात आले नाहीत. मंदाताईंनी एकटीनं शटर उघडलं. बाई मशीन चालवते हे बघून दोन गिऱ्हाइकं दारातूनच परतली. तिसरा थांबला, एक वकील, काळी गाडी, घाबरत घाबरत. संध्याकाळी तो बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा बघून भांग नीट करत होता.

मग एका सकाळी महिपतराव आपल्या पायांनी आले. स्टूल भिंतीशी ओढून बसले. मंदाताईंनी मशीन सुरू केली. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"जरा सपाट धर," ते म्हणाले. "डावीकडे कलतेय."

खरंच कलत होती. मंदाताईंनी मनगट सरळ केलं.