रस्त्यावरचं पाणी

कंपनीच्या बसमध्ये तो काळेवाडीला चढायचा आणि शेजारच्या सीटवर डबा ठेवून माझ्यासाठी जागा धरायचा. मी पुढच्या स्टॉपला चढायचो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मला भाऊ म्हणायचा, तेवढ्यावर आमचं भागत होतं.

तो बीडकडचा. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याने ठरवलं होतं की पृथ्वी सपाट आहे. सांगताना एक तळहात आडवा धरून त्यावरून दुसरा फिरवायचा, भाकरीला पाणी लावावं तसा. "गोल असती तर इतकं लांबचं दिसलं असतं का, भाऊ?"

एका दुपारी कुरुळीच्या अलीकडे पुढच्या रस्त्यावर पाणी चमकलं. मी म्हणालो, "तिथं पाणी नाही. तापलेल्या हवेत प्रकाश वाकतो, म्हणून आभाळच खाली दिसतं. लांबचं दिसतं, त्यातही हवेचा हात असतो."

त्याने रस्त्याकडे बघत पुन्हा तळहातावर तळहात धरला. "मंग उजेडच वाकडा येत असंल, तर तुमची पृथ्वी तरी गोल कशावरनं?"

याला उत्तर आहे, पण मला ते पटकन सुचेना. मी मोठ्याने म्हणालो, "शाळेत गेला असतात तर हे विचारलं नसतं."

अख्खी बस हसली. मीही हसलो.

त्याचे हात मांडीवर आले. "तुमचंच बरोबर असंल," तो म्हणाला. "पर तो व्हिडिओवाला आमाला 'मित्रांनो' म्हणून सांगतो."

दुसऱ्या दिवशी वाटलं, आज जागा नसणार. पण सीटवर डबा होता. त्याने तो उचलला, खिडकीकडे सरकला आणि म्हणाला, "बसा, साहेब."